रेडिओची खरखर आणि मागची सीट

कोणत्याही कुटुंबात शांतता नांदायची, तर आधी खरखरीचे मूळ शोधावे लागते. आमचे हे वजनमापे तपासणारे अधिकारी. गाडीतला रेडिओ खरखरू लागला तसे त्यांनी महिनाभर निरीक्षण करून कारणे वहीत उतरवली. ती लोकहितार्थ देते:

एरियलची उंची : १८ टक्के.
पूल व उंच इमारती : २२.
विजेच्या तारा : १४.
ढग : ६ (आकाश निरभ्र असल्यास ७).
कुटुंबीयांचे बोलणे : ४०.

शेवटच्या कारणाला आमचा नाइलाज होता. घरी यांच्यापुढे आधी वर्तमानपत्र असते, मग टीव्ही; त्यामुळे बोलायचे ते सकाळी गाडीतच. त्यातून धाकटीला दूरच्या गावी नोकरी लागलेली. सोमवारी रुजू व्हायचे होते. तिला बाबांकडून एकच शब्द हवा होता : 'जा.'

"बाबा, मला तुम्हाला..."

"थांब गं! आत्ता लागलं होतं. गेलं ना!"

पूल ओलांडल्यावर मी म्हटले, "अहो, पोरीचं जरा ऐकून..."

"तुझ्या या 'अहो'नेच लाटा तुटतात."

गुरुवारी माझे मौन असते. त्या दिवशीही खरखर तेवढीच. यांनी विचार करून निदान केले, "तू मनात बोलतेयस. ते जास्त बाधतं." तेव्हापासून पूल ते सिग्नल मी नामस्मरणही थांबवले. (देवाने समजून घेतले. त्याला सगळीकडे स्वच्छ ऐकू येते.)

मेकॅनिकने रेडिओ उघडून पाहिला. "साहेब, ठणठणीत आहे. गाडीत चार गप्पा मारा, खरखर जाणवणार पण नाही." हे मत अशास्त्रीय ठरून वहीत घेतले गेले नाही.

रविवारी सकाळी धाकटी बॅग घेऊन गाडीपाशी उभी राहिली. हे टपावर वाकून एरियल फिरवत होते.

"बाबा, निघते हं."

"एक मिनिट, एक मिनिट! लागतंय!"

बस मिनिटभर थांबत नाही. मी तिला चालत स्टँडवर सोडून आले. वाटभर ती काही बोलली नाही. आमच्या घरात वाढलेली मुलगी, तिला वळण आहे.

सोमवारी गाडी सुरू केली, तर रेडिओ घंटेसारखा खणखणीत. पुलाखालीसुद्धा! यांनी गाडी कडेला घेतली आणि वहीत लिहिले : 'मागची सीट रिकामी असल्यास आवाज शंभर टक्के स्पष्ट.' मग आनंदाने मागे वळून म्हणाले, "ऐकलंस का गं?"

मी काही बोलले नाही. स्पष्ट लागलेले बिघडायला नको.

वाचकांनीही हा प्रयोग घरी जरूर करावा. गाडीच हवी असे नाही. हे वाचत असताना आतून कोणी तुम्हाला दोनदा हाक मारली असेल आणि तुम्ही मान वर न करता 'हं' म्हणाला असाल, तर निम्मा प्रयोग पार पडलाच आहे. उरलेला निम्मा घरची माणसे करतील.