आप्पाची रबडी

माणसं अत्तर हुंगतात. आमचा शेजारी भास्करआप्पा रबडी हुंगायचा. दुधाची नव्हे. गोबरगॅसच्या प्लांटमधून गॅस काढून झाला की मागे काळा पातळ चिखल उरतो, त्याला इकडे सुरतेत रबडी म्हणतात. आप्पा त्यात बोट बुडवायचा, नाकाशी न्यायचा, डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "गॅस गया, गुण राहिना!" म्हणजे गॅस गेला, गुण राहिला. तोवर भेस्तानची आमची अख्खी गल्ली खिडक्या लावून घ्यायची.

आप्पा आमच्याच खानदेशातला. जन्म कापडाच्या लूमवर गेला, लग्न राहून गेलं. कारण विचारलं तर म्हणे, "मशीन बंद करायला सवड कोणाला होती?" रिटायर झाला आणि घरांमागच्या रिकाम्या प्लॉटात त्याला शेती सुचली. प्लांटवर रबडी फुकट. टेम्पोत पिंपं घालून आणायचा. मी चौथी शिकलेला माणूस, पण मलाही दिसत होतं की त्या प्लांटमध्ये नुसतं शेण जात नाही. मंडईचा कचरा, हॉटेलचं उष्टं, पिशव्यांसकट सगळं जातं. जे आत जातं तेच बाहेर येतं. कमी होतो तो फक्त गॅस.

प्लांटवरच्या माणसानेही त्याला बजावलं होतं, "काका, आधी सुकवा, मग थोडी थोडी टाका." आप्पा मला म्हणतो, "नाना, थोडं थोडं कंजूस टाकतात. आपण खानदेशी!" आणि रोज पिंप पालथं करायचा.

मेथी गुडघ्याएवढी झाली. पहिली जुडी आमच्या घरी. निवडताना माझ्या बायकोला, सुमनला, दुधाच्या पिशवीचा कोपरा सापडला. मी म्हटलं, "आप्पा, मेथीत दूधबी पिकवून राहिला का रे?"

"वरची माया समज भो."

मी त्या भाजीला हात लावला नाही. सुमनने मात्र पुन्हापुन्हा धुऊन केली आणि वाटीभर त्याला नेऊन दिली. "भाऊजी, चव आहे हो तुमच्या मेथीला." गल्लीत असं म्हणणारी ती एकटीच. त्या दिवशी आप्पा संध्याकाळपर्यंत प्लॉटात गात होता. सुरात नव्हे.

प्लॉटाच्या कडेला आमची डंकी आहे, म्हणजे हातपंप. सुमनला नळाच्या पाण्याला औषधाचा वास यायचा. तिला डंकीचंच लागे. दवाखान्यातसुद्धा मी बाटली भरून न्यायचो. थंडीत तिचं हृदय थांबलं. तेव्हा डंकी चांगली होती.

होळीच्या सुमाराला डंकीचं पाणी पिवळट आलं, वास मारायला लागलं. रबडीतलं झाडांनी प्यायचं तेवढं प्यालं, उरलेलं खाली झिरपलं. खाली आमचंच पाणी. तपासायला आलेल्या माणसाने डंकीवर लाल फुली मारली. पिऊ नका, तान्ह्या लेकरांना तर पाजूच नका, म्हणाला.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आम्ही गेलेल्या माणसाच्या नावाने पाण्याची घागर भरतो. सुमनची पहिलीच होती. ती तिच्या डंकीवरच भरायची, हे मी ठरवून बसलेलो. आप्पाच्या दारात जाऊन ओरडलो, "बघितला तुझा गुण! आता हिची घागर कशाने भरू? रबडीने?"

  नंतर पिंपं उपडी पडलेली दिसली आणि घराला कुलूप. मी म्हटलं, पळाला लुच्चा.

आखाजीच्या सकाळी दार वाजलं. दाढी वाढलेला आप्पा, खांद्यावर दुधाचा कॅन.

"वहिनींच्या माहेरच्या विहिरीचं आहे," म्हणाला. पॅसेंजरने पार अमळनेरपलीकडे जाऊन आला होता. कॅन मांडीवरून खाली ठेवला नाही. डब्यातल्या बाया दुधाचा भाव विचारत होत्या म्हणे.

मी झाकण काढून हुंगलं. आज हुंगणारा मी, आणि आप्पा तोंड फिरवून उभा. वास कसलाच नव्हता.

घागर भरली. वर डांगर, म्हणजे खरबूज, आणि सांजोरी ठेवली. हात जोडून झाले तरी आप्पा जाईना.

"नाना, मला मागेपुढे कोणी नाही. मी गेलो की माझीबी एक भरशील?"

"भरीन. डंकीच्या पाण्याने."

वाटलं, हसेल. तो खिडकीतून त्या लाल फुलीकडे बघत राहिला.

"तोवर सुधरंल का भो ते?"