देवराव आणि वरचा मजला

देवराव भोयर ज्या खोलीत असतील तिथे पंख्याखाली बसायचं असेल, तर आधी घाम दाखवावा लागतो. गंमत करत नाही. ते जवळ येतात, तुमच्या कपाळाकडे निरखून पाहतात, आणि कपाळ कोरडं दिसलं की विचारतात, “झाली का हवा खाऊन?” उत्तराची वाट न पाहता बटण दाबतात. टक्. तुम्ही खुर्चीत तसेच असता, समोर फाइल असते आणि बाहेर नागपूरचा एप्रिल असतो.

मी नंदनवन वस्तीतल्या एका निवासाची व्यवस्थापक आहे. मनाच्या आजारातून बरे झालेले, पण परत जायला घर न उरलेले लोक इथे राहतात. खाली सहा बायका, वर आठ पुरुष. स्वयंपाकाला कौसल्याबाई, गोळ्या द्यायला एक सिस्टर, बाकी सगळ्याला मी. इमारत जुनी. ज्याने कोणी ती बांधली त्याचा उन्हाशी काहीतरी गुप्त करार असावा. वरचा मजला मे महिन्यात माणसांना राहायला नसून सांडगे वाळवायला केला आहे, असं माझं ठाम मत आहे.

देवराव त्या वरच्या मजल्यावरचे. वय साठीच्या पुढे, गाव खाप्याच्या पलीकडे कन्हानच्या काठी, घर शेतकऱ्याचं. आजाराबद्दल आडपडदा नाही. सकाळची गोळी गिळता गिळता सांगतात, “माहं डोक्सं फिरलं होतं मॅडम. आता जागेवर हाय. फक्त स्क्रू रोज पिळा लागते.”

त्यांचा खरा आजार म्हणजे नासाडी न बघवणं. त्यावर गोळी नाही.

कोणी अंघोळीला गेलं की हे बाहेर उभे. आतल्या बादलीचा आवाज ऐकून दारावर थाप मारतात, “भरली! बंद कर! धबधब्याखाली बसला का बे?” अंघोळीचं आणि धुण्याचं पाणी वाया जातं म्हणून एकदा त्यांनी कुठूनसा जुना पाइप आणला आणि ते सगळं पाणी मागच्या अंगणातल्या चमकोऱ्याला, म्हणजे अळूला, सोडलं. चमकोरा माणसाच्या उंचीचा झाला. कौसल्याबाईंनी कौतुकाने वड्या केल्या. पहिला घास घेऊन सगळे एकमेकांकडे पाहू लागले.

“वड्यांले साबणाचा वास येऊन राहिला,” कौसल्याबाई म्हणाल्या.

“मंग चांगलंच हाय नं वं,” देवराव म्हणाले, “पोट आतून धुऊन निघन.”

आमच्या संस्थेच्या अध्यक्षांनाही त्यांनी सोडलं नाही. इमारत पर्यावरणपूरक करायला मदत मंजूर झाली, ते सांगायला अध्यक्ष भर दुपारी आले. हॉलमध्ये चार ट्यूबलाइट, सहा पंखे, माइक. “आपण ऊर्जेची बचत केली पाहिजे,” असं ते म्हणाले मात्र, मागून आवाज आला, “सूर्य काय सुट्टीवर हाय का?” आणि टक् टक् टक्. लाइट गेले, पंखे गेले, त्याच बोर्डावर असल्यामुळे माइकही गेला. अध्यक्षांनी उरलेलं भाषण चार वाक्यांत संपवलं. निवासातल्या इतक्या वर्षांत पहिल्यांदा अध्यक्षांना मनापासून टाळ्या मिळाल्या.

मग तन्वी आली. तन्वी म्हणजे या कामासाठी नेमलेली तरुण आर्किटेक्ट. हातात भिंतीचं तापमान मोजायचं पिस्तुलासारखं यंत्र. तिने ते भिंतीवर रोखलं तेव्हा देवराव भिंतीशीच उभे होते. त्यांनी दोन्ही हात वर केले. “मारू नोको बाई, बंद केला म्या पंखा.”

दहा मिनिटांत ते तिचे गुरू झाले. ती यंत्र रोखायच्या आत हे आकडा नाही, पण तापलेली भिंत कुठली ते सांगायचे. “इथं नाही, तिकडं बघ. चार वाजता तिच्यावर पापड भाजून घे.” यंत्र तेच दाखवायचं. गच्ची कुठे गळते, कुठली वायर गरम होते, कुठल्या नळाला रात्रंदिवस सर्दी असते, सगळं तोंडपाठ.

“काका, तुम्हाला कसं कळतं?” तिने विचारलं.

“त्याच भिंतीले टेकून झोपतो न बाप्पा.”

तन्वीने ते यंत्र पिशवीत ठेवलं आणि वहीत काहीतरी बराच वेळ लिहीत बसली.

आराखडा छान झाला. गच्चीची गळती बंद करून वर पांढरा लेप, सगळी वायरिंग नवी, पश्चिमेच्या भिंतीपुढे बांबूचा आडोसा आणि त्यावर वेल, पावसाचं पाणी बंद पडलेल्या विहिरीत. अडचण एकच. वरचा मजला पंधरा दिवस रिकामा करावा लागणार होता. आठातले चार जण खाली हॉलमध्ये मावत होते. उरलेल्या चौघांनी कुठेतरी जायचं होतं.

मी सगळ्यांना बसवून विचारलं, “पंधरा दिवस घरी कोण जाऊ शकेल?”

प्रश्न तोंडातून बाहेर पडला आणि मला माझीच लाज वाटली. घर असतं तर ही माणसं इथे कशाला असती? कोणी नखं पाहू लागलं, कोणी फरशी.

देवरावांनी हात वर केला. “मी जातो. पुतण्या कार घेऊन येते मले न्यायले.”

खरं तर गावाहून त्यांना न्यायला कधीच कोणी आलं नव्हतं. दिवाळीला एक फोन यायचा, तोही लवकर संपायचा. पण मी त्या पुतण्याला, प्रशांतला, फोन केला तर तो चक्क हो म्हणाला. मागून त्याच्या आईचा आवाज आला, “आण गा त्यायले, मीच म्हणून राहिली केव्हाची.” त्या दिवसापासून देवराव जमिनीवर नव्हते. रोज दाढी. झोळी तीनदा भरली, तीनदा उपसली. ज्याला त्याला सांगणं, “मी गावाले चाललो. मांग पंखे बंद ठेवजा.”

त्यांचं पाहून आणखी दोघांनी बहिणींचे पत्ते आठवले. बहिणी तयार झाल्या. चौथा हात शेषरावांनी वर केला. “माहा पोरगा येते न्यायले.”

शेषराव म्हणजे देवरावांचे खोलीतले सोबती. पूर्वी कळमन्याच्या बाजारात धान्य मापायचे. बोलणं कमी, तेही मोजून. त्यांचा मुलगा पुण्याला असतो. माझ्या रजिस्टरमधला त्याचा नंबर तीन वर्षांपासून लागत नाही. मी त्यांना बाजूला घेऊन म्हटलं, “शेषराव, तुम्ही हॉलमध्ये राहा ना. एक खाट वाढवू आपण.”

“कायले? पोरगा येते नं.” एवढंच म्हणाले. सगळ्यांसमोर बोलून बसलेल्या माणसाला शब्द परत घ्यायला लावणं मला जमलं नाही.

जायच्या दिवशी सकाळी सातपासून शेषराव फाटकाजवळच्या बाकावर बसले. इस्त्रीचा सदरा, मांडीवर पिशवी. आठ वाजता त्या दोघांच्या बहिणी येऊन त्यांना घेऊन गेल्या. नऊला कौसल्याबाईंनी चहा नेऊन दिला, तो तसाच गार झाला. मी ऑफिसातून तो नंबर पुन्हा लावला. पुन्हा तेच.

दहा वाजता प्रशांतची कार आली. देवराव झोळी घेऊन जिन्यावरून जवळजवळ उड्या मारतच उतरले. फाटकापाशी थांबले. बाकाकडे पाहिलं. मग कारच्या खिडकीत डोकं घालून पुतण्याशी बराच वेळ काहीतरी बोलले. पुतण्याने डोकं खाजवलं, माझ्याकडे पाहिलं, शेवटी मान हलवली.

देवराव वळून ओरडले, “अबे शेषराव! ऊठ नं! तुह्या पोरानं गाडी धाडली!”

शेषराव उठून उभे राहिले. “तो नाही आला?”

“त्याले मीटिंग हाय म्हणते. ड्रायव्हर धाडला. तो येतपर्यंत माह्या गावाले राय म्हणते, हवा चांगली हाय तिकडं.”

ही थाप कुठल्याही कोनातून उभी राहत नव्हती. पण प्रशांत उतरला आणि त्याने अदबीने मागचं दार उघडलं. शेषराव बसले. गाडी सुरू झाली तशी देवरावांनी काचेवर थाप मारली. “अन् एसी लावू नोको बे! काच उघड!”

गाडी वळेपर्यंत ते हात हलवत होते. मी म्हटलं, “देवराव, आणि तुम्ही?”

“मी कसा जाऊ? हे लोक गच्ची बिघडवून ठेवतीन.”

“अहो, महिनाभर दाढी करत होतात.”

“मंग? गाव काय पळून राहिलं का?” असं म्हणून ते झोळी हॉलमध्ये ठेवायला गेले. दिवसभर त्यांनी एकही पंखा बंद केला नाही. मला ते मुळीच आवडलं नाही.

दुसऱ्या दिवशी मात्र गच्चीवर हजर. पंधरा दिवस त्यांनी कामगारांना वैताग आणला. लेपाचा दुसरा हात पातळ झाला म्हणून पुन्हा द्यायला लावला. डब्यात उरलेला लेप फेकू दिला नाही, कोंबड्यांच्या खुराड्यावर फासला. खुराडं शेजाऱ्यांचं होतं. वायरमनला म्हणाले, “बटण असं बसव, का माहा हात अंधारात बी पोचला पायजे.” शेवटच्या दिवशी तन्वीने भर दुपारी वरच्या खोलीत यंत्र रोखलं आणि आनंदाने किंचाळली. देवरावांनी नुसती भिंतीला पाठ टेकवली आणि डोळे मिटून म्हणाले, “निजता येईन.”

त्याच संध्याकाळी प्रशांतने शेषरावांना आणून सोडलं. चेहरा उन्हाने रापलेला, पण भरलेला. ते आधी माझ्या ऑफिसात आले आणि टेबलावर आंब्यांची पिशवी ठेवली.

“कसं होतं गाव?”

“मस्त. सगळे मले काका म्हणून राहिले होते.” मग दाराकडे पाहून आवाज खाली आणला. “मॅडम, ड्रायव्हरचं नाक देवरावसारखंच हाय.”

मी समोरचं रजिस्टर मिटलं.

“त्याले सांगू नोका, मले समजलं म्हणून. वाईट वाटन त्याले. अन् हे आंबे देवरावनं लावलेल्या झाडाचे हाय, त्याच्या वहिनीनं देल्ले. मी त्याले सांगतो, माह्या पोरानं धाडले.”

ते वर गेले. थोड्या वेळाने नव्या दिव्यांचं काम पाहायचं निमित्त करून मीही गेले. दोघे खाटेवर समोरासमोर बसले होते, मधे वर्तमानपत्रावर आंबे. देवरावांनी एक उचलला, देठाकडून हुंगला, पुन्हा हुंगला. बराच वेळ तो तसाच नाकाशी धरून बसले.

“चांगला पोरगा हाय तुहा,” ते म्हणाले.