चांदणं राहतं ते घर

आमच्या परतुरात माझ्यासारखं उर्दू लिहिणारी दुसरी मुलगी नाही! आणि कचेरीचा सगळा कारभार उर्दूत! म्हणून कचेरीनं यंदा घरांच्या दलालांना सनद, म्हणजे धंद्याचा परवाना, घ्यायला लावली, तेव्हा माझ्या वडिलांचा, अण्णांचा, अर्ज मीच लिहिला.

"शेवंते, सनद मिळाली तर तुला पुढं शिकायला जालन्याला आत्याकडं ठेवीन," अण्णा म्हणाले. "न्हाई मिळाली तर घरी चूल हायेच!"

अर्जासोबत एका विकाऊ घराचा जाहीरनामा जोडायचा होता. घर कसं आहे आणि त्याच्या चारी दिशांना काय आहे, एवढंच! चौकातल्या आडाजवळचं सरदारबींचं घर ठरलं. मी त्यांच्या ओट्यावर उभी राहिले आणि तरंगायलाच लागले! आड आभाळाचा तुकडा मांडीवर घेऊन बसलेला, वर कबुतरं, आणि मी जालन्याच्या शाळेत पहिल्या बाकावर... मी लिहिलं, 'या घरात वारा विचारून आत येतो. चांदणं भाडं देत नाही, तरी राहतं.'

दिशा तर बिलकुल सोप्या! शाळेच्या नकाशात समोर उत्तर, उजव्या हाताला पूर्व. मी समोर बघितलं, रस्ता होता. उत्तरेला रस्ता! डाव्या हाताला आड. पश्चिमेला आड! झालं.

मंगळवारी चौकात दवंडी. कडूबानं हलगी बडवली, कारकुनानं जाहीरनामा वाचला. लोक माना वळवून शोधायला लागले. उत्तरेला रस्ता, पश्चिमेला आड... ते घर सरदारबींचं नव्हतंच! चौकाच्या पार दुसऱ्या टोकाचं, रहमतुल्लासाहेबांचं होतं. सनद देणारे साहेब तेच!

तासाभरात साहेबांच्या दारात तीन गिऱ्हाइकं! द्वारकाबाई तर थेट आत शिरून विचारत होत्या, "न्हाणी कुठं हाय वो?"

साहेबांच्या बेगम मैमूनाबी कडाडल्या, "मेरेकू पूछे बिगर घर बेच दिये?"

आम्हाला जल्दी बोलावणं आलं.

"ये किसने लिखा?"

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. मी कशी उभी राहिले होते ते दाखवलं.

"अरे बेटी!" साहेबांनी कपाळाला हात लावला. "सरदारबीचं दार दक्षिणेला हाय. तुझं तोंडबी दक्षिणेलाच होतं!"

"म्हणजे चारी दिशा उलट्या?"

"चारी!"

अण्णांनी टोपी काढून हातात घेतली. माझं जालना साबणाच्या फुग्यासारखं फट्‌कन फुटलं!

"लेकिन मच्छिंद्रराव," साहेब मिशीतल्या मिशीत हसले, "जे घर विकायचंच न्हाई, त्याला तुम्ही तासाभरात तीन गिऱ्हाइकं आणली. मंग सनद तुम्हाला न्हाई तर कोणाला देऊ?"

शिक्का बसला!

आज अण्णा मला जालन्याला पोचवायला निघाले. ठेसनावर दोन गाड्या, तोंडं विरुद्ध बाजूंना. अण्णांचं सगळं ध्यान कोटाच्या खिशातल्या सनदेत. "आपली कोणती गं?"

जालना पश्चिमेला. पश्चिम डाव्या हाताला. जिचं इंजिन डावीकडं, तिच्यात मी ऐटीत चढले, मागोमाग ट्रंक घेऊन अण्णा!

ही गोष्ट मी सेलूच्या ठेसनावर, जालन्याकडं जाणाऱ्या उलट्या गाडीची वाट पाहत लिहून राह्यले. अण्णा माझ्याशी बोलत नाहीत.

पण इथलं आभाळ काय सुंदर आहे हो!