झाडाखाली कोण असतं?

ईरा आणि निहार, परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, "आजी, तुझ्या खिडकीतलं लाल झाड कुठे गेलं?" आणि नेमकं तेव्हाच नेट गेलं. एका वाक्यात सांगण्यासारखं ते नव्हतंच, म्हणून सवडीने लिहिते आहे. झाडाची गोष्ट कळायला आधी ते ज्यांच्या दारात होतं, ते शेजारचे बसवराज अण्णा कळायला हवेत.

कपाळाला विभूती लावून अण्णा रोज सकाळी लाकडी हातोडी घेऊन निघतात. गल्लीतल्या एखाद्या खोडावर ठक् ठक् करतात आणि डोळे मिटून त्याला कान लावतात. नव्या भाडेकरूंना वाटतं, म्हातारा झाडाला मिठी मारून रडतोय. खरं म्हणजे अण्णा कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे. खोड आतून भरीव आहे की पोकळ, याचा अंदाज ते आवाजावरून घेतात.

कुणी झाड तोडायची भाषा केली की अण्णा हजर. "निधान, निधान!" म्हणजे कानडीत सावकाश. मग नखाने फांदीची साल खरवडणार. "वाळलंय कुठं? आत हिरवं आहे की! उन्हाळ्याला कंटाळून पानं टाकलीत, एवढंच. तुम्ही नाही का बनियनवर बसत?"

त्यानंतरचा प्रश्न ठरलेला. "खाली कोण असतं?"

समोरच्या माने वकिलांच्या करंजाची फांदी फार वाकली होती. त्यांना अख्खं झाडच काढायचं होतं.

"पडेल हो अण्णा, एखाद्या दिवशी."

"पडेल की. खाली कोण असतं?"

"माझी गाडी."

"मग गाडी काढा की! तिला चाकं आहेत. झाडाला आहेत का?"

वकीलसाहेब इतक्या लवकर कुठलीच केस हरले नसतील. अशाच युक्तिवादाने अण्णांनी इस्त्रीवाल्याची टपरी हलवली, बाकं हलवली, एकदा तर गणपतीचा मांडवही सरकवला. मला त्यांचं कौतुक वाटतं ते यासाठी, की झाड पडणारच नाही असं त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही.

यंदा पाळी आली त्यांच्याच गुलमोहराची. बुंध्याशी ताटलीएवढी अळंबी उगवली होती. अण्णांनी हातोडी मारली आणि रिकाम्या पिंपासारखा आवाज आला. त्या झाडाखाली दुपारच्या शाळेची मुलं रिक्षाची वाट बघत उभी राहतात. तुमची आईही तिथेच उभी राहायची.

अण्णांनी नेहमीचा उपाय केला. रिक्षावाल्या रशीदभाईंना थांबा कोपऱ्यावर न्यायला सांगितलं. दोन-चार दिवसांत मुलं पुन्हा गुलमोहराखाली.

"ऐकत नैत की अण्णा, पोरं," रशीदभाई म्हणाले. "तिकडं ऊन लई."

अण्णा रागावले, तर एक चिमुरडी म्हणाली, "तुम्हीच हितं खुर्ची टाकून बसताय की, आजोबा!"

अण्णांनी खुर्ची आत नेली. तरी मुलं आलीच. संध्याकाळी ते माझ्याकडे चहाला आले आणि कप तसाच ठेवून म्हणाले, "अक्का, गाडी हलवता येते. सावली असेपर्यंत माणसं येणारच."

मी म्हटलं, "निधान, अण्णा. थोड्या फांद्या कमी करून बघा."

"मुळंच कुजलीत. आता वळवाचं वारं सुटेल." त्यांनी गार झालेला कप दूर सारला. "उद्याच काढतो."

अण्णांच्या तोंडून 'उद्याच' मी पहिल्यांदा ऐकलं.

दोर लावून, फांद्या उतरवत माणसांनी झाड काढलं. अण्णा शेवटपर्यंत उभे होते. मला म्हणाले, "आता पोरं कशाला येतील इकडं?" तेव्हा मला उमगलं. त्यांची बायको गेली, मुलगा परदेशात. दिवसभरात त्यांच्या दारात येणारी माणसं म्हणजे तेवढी मुलंच. खाली कोण असतं, हे त्यांना सगळ्यांत जास्त माहीत होतं.

पुढे कित्येक दिवस त्यांचं दार बंदच होतं. मग एका दुपारी ठक् ठक् ऐकू आलं. मी खिडकीतून पाहिलं. तीच चिमुरडी उरलेल्या बुंध्यावर कंपास पेटी आपटून कान लावत होती. बाकीची मुलं दप्तरं डोक्यावर धरून उन्हात उभी होती. अण्णा लगबगीने मोठी काळी छत्री घेऊन बाहेर आले. "निधान, निधान! कानाला लाकडाचं कुसळ लागेल."

आता पोकळ बुंध्यावर अण्णांनी मुलांना बसायला शहाबादी फरशी बसवली आहे. गुलमोहर नाही. फरशी आहे, छत्री आहे, आणि मुलं अजून तिथेच थांबतात.