सासऱ्यांच्या कानांसाठी एक सप्तक खाली

माणसाने पन्नाशी उलटल्यावर नवीन काही घेऊ नये. फार तर चष्मा घ्यावा. जावईबापूंना हे कळत नव्हतं असं नाही, पण कळतं पण वळत नाही ही म्हण ज्यांच्यासाठी निघाली त्यांतले ते एक. त्यांनी ऑक्टेव्ह मॅन्डोलिन घ्यायचं ठरवलं, आणि तेही स्वतःसाठी नाही, सासऱ्यांसाठी. (सासरे वाजवणार नव्हते. त्यांनी नुसतं ऐकायचं होतं.)

साधं मॅन्डोलिन जावईबापू तीस वर्षं वाजवत होते. दिवसभर पाणीपुरवठ्याच्या कचेरीत आवक-जावक टेबलावर बसून पत्रांवर शिक्के मारायचे, संध्याकाळी घरी येऊन पाय गरम पाण्यात सोडायचे आणि अर्धा तास वाजवायचं. बायको तेवढ्या वेळात कपड्यांच्या घड्या घालायची. तिने कधी तक्रार केली नाही आणि कधी वाहवाही केली नाही. पंखा चालू असावा तसं ते घरात चालू असायचं.

अडचण सासऱ्यांची होती. सासरे जुने सुतार. अर्ध्या गावाची दारं त्यांच्या हातची, आणि एकही दार आजतागायत कुरकुरलेलं नाही. बावीस वर्षांपूर्वी, लग्नानंतर पहिल्यांदा राहायला आले तेव्हा जावईबापूंनी मोठ्या उमेदीने त्यांना वाजवून दाखवलं. सासरे शांतपणे बसले, आणि झाल्यावर म्हणाले, "छान असणार! पण काय आहे जावईबापू, चाळीस वर्षं या कानांजवळ करवत चालली. बारीक आवाज मला पोचतच नाही. जाड आवाजाचं काही असतं तर गोष्ट वेगळी."

तेव्हापासून दर मुक्कामी हाच प्रकार. जावईबापू वाजवायचे, सासरे समोर बसून डोळे मिटून मान डोलवायचे, आणि ती मान तालात नसायची. जावईबापूंना हे फार लागायचं. सासऱ्यांनी आयुष्यात काय केलं ते दाराला हात लावून दाखवता येत होतं. जावईबापूंना शिक्के सोडून येणारी ही एकच गोष्ट, आणि नेमकी तीच त्या माणसाच्या कानात शिरत नव्हती. आता म्हातारा ऐंशीचा होणार होता. एकदा तरी त्याने ऐकावं, एवढंच जावईबापूंना हवं होतं.

"अगं, जाड आवाजाचं असतं," ते एका संध्याकाळी बायकोला म्हणाले. "ऑक्टेव्ह मॅन्डोलिन. एक सप्तक खाली."

"मग आहे त्याचं काय करायचं?"

"ते माळ्यावर."

"माळ्यावर जागा नाही," बायको म्हणाली. नवीन काहीही घरात येणार म्हटलं की ती एवढंच म्हणते.

दुकानदाराने दोन्ही वाद्यं शेजारी शेजारी ठेवली. एक परातीएवढं, दुसरं त्याच्या थोरल्या भावासारखं, मानेने लांब. "तुम्हाला काही नवीन शिकायचं नाही," तो म्हणाला. "यालाही आठ तारा, त्यालाही आठ. चार जोड्या. सूर तेच, बोटं तीच. फक्त सगळं एक सप्तक खाली आणि तारा जाड."

"म्हणजे फरक काहीच नाही?"

"पडदे जरा लांब लांब आहेत. एवढंच."

हा 'एवढंच' शब्द दुकानदारांना कायद्याने बंद करायला हवा.

घरी येऊन जावईबापूंनी पहिली सुरावट वाजवली आणि बायकोने घडी घालता घालता मान वर केली. बावीस वर्षांच्या संसारात प्रथमच. "हे काय झालं?" तिने विचारलं.

झालं होतं असं, की साध्या मॅन्डोलिनवर करंगळी जिथे पोचते तिथे या वाद्यावर पडदाच नव्हता. पडदा आणखी दोन बोटं पुढे होता. करंगळी आपली सवयीने पडायची आणि अलीकडचाच सूर निघायचा. आवाज मात्र सुरेख होता, भरदार, जमिनीतून आल्यासारखा. चुकीचा सूरसुद्धा कसा भारदस्त वाटत होता!

मग सुरू झाली बोटं लांबवण्याची मोहीम. हाताशी तीन महिने होते. जावईबापू बसमध्ये डाव्या हाताची बोटं ताणून दांडीवर ठेवायचे. जेवताना डाव्या हातात पाण्याचा तांब्या पंजा फाकवून धरायचे. कचेरीत उजव्या हाताने शिक्के आणि डाव्या हाताच्या चार बोटांत चार फायली, असं चालायचं. हेडक्लार्कने चार दिवस बघितलं आणि पाचव्या दिवशी टेबलाशी आले.

"हाताला काय झालंय?"

"काही नाही साहेब. बोटं लांबवतोय."

"कशासाठी?"

"सासऱ्यांसाठी."

हेडक्लार्क आपल्या टेबलाशी परत गेले. मग रजेचा अर्ज आणून त्यांच्यासमोर ठेवला आणि हळू आवाजात म्हणाले, "दोन दिवस आराम करा. आमच्याही सासऱ्यांचं असंच होतं."

पण मेहनत फळाला आली. तिसऱ्या महिन्यात करंगळी पोचायला लागली. मनगट दुखायचं, खांदा भरून यायचा, रात्री कूस बदलताना जावईबापू "आई गं" म्हणायचे. तरी सूर जागच्या जागी पडत होते. बायको एकदा घडी हातात धरून तशीच थांबली आणि म्हणाली, "हे बरं आहे हो." जावईबापूंना त्या दिवशी पाय गरम पाण्यात सोडायची गरज वाटली नाही.

वाढदिवसाच्या दोन दिवस आधी सासरे राहायला आले. दारातूनच नवं वाद्य दिसलं तसे ते जरा थबकले. "हे काय नवीन?"

"जाड आवाजाचं आहे, बाबा!" जावईबापू म्हणाले. "तुमच्यासाठीच. परवा ऐकवतो."

"अरे वा," सासरे म्हणाले आणि लगेच पाणी मागितलं.

आदल्या दिवशी सकाळी जावईबापूंनी नव्या तारा चढवायला घेतल्या. आणि इथे एक साधा नियम आहे, जो त्यांना पाठ होता: तारा एकेक करून बदलायच्या, सगळ्या एकदम काढायच्या नाहीत. कारण तारा ज्या लाकडी पट्टीवरून जातात ती घोडी चिकटवलेली नसते, नुसती तारांच्या दाबाने उभी असते. तारा निघाल्या की ती सुटी होते. पण दमलेल्या माणसाला वाटतं एकदाच काय ते उरकावं. त्यांनी सगळ्या काढल्या. (तरी घोडीची जागा पेन्सिलने आखून ठेवली होती. अगदीच गाढव नव्हते.) नव्या तारांतली एक चढवतानाच तुटली. ती आणायला ते दुकानात गेले, परत आले तर सासरे दिवाणखान्यात बसून फडक्याला हात पुसत होते. चेहऱ्यावर काम चोख झाल्याचं समाधान.

"जावईबापू, फसवलं हो तुम्हाला दुकानदाराने. ही पट्टी त्याने चिकटवलीच नव्हती! नुसती टेकवून ठेवलेली."

जावईबापू नवी तार हातात घेऊन तसेच वाद्याकडे धावले. "मग?"

"मग काय? चिकटवली. आपला सुताराचा गोंद. आता हत्ती उभा राहिला तरी हलायची नाही."

"पण पेन्सिलची खूण..."

"ती पुसली. घाण दिसत होती. मी टेप लावून बरोब्बर मधोमध बसवली. वरून आठ बोटं, खालून आठ बोटं. बघा, एका केसाचा फरक नाही."

फरक खरंच नव्हता. वाद्याच्या पोटाच्या अगदी मधोमध घोडी बसली होती, म्हणजे असायला हवी होती त्यापेक्षा चांगली तीन बोटं पुढे. जावईबापूंनी तारा चढवून बघितल्या. मोकळी तार सुरात, आणि बोट ठेवलं की सगळा कारभार बेसूर. ओढून बघितलं. घोडी हलली नाही. सासऱ्यांच्या हातचं काम हललेलं कुणी पाहिलंय?

"अहो, बाबांना काही बोलू नका," बायको स्वयंपाकघरात कुजबुजली. "प्रेमाने केलंय त्यांनी."

"मी कुठे बोलतोय? माझ्यात त्राण आहे का?"

"मग आपलं जुनं वाजवा. तीस वर्षांची सवय आहे."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मेहुणी, तिचा नवरा, पोरंबाळं, शेजारी अशी खोली भरली. सासरे मधल्या खुर्चीत. जावईबापूंनी माळ्यावरून काढलेलं जुनं मॅन्डोलिन मांडीवर घेतलं आणि सुरू केलं. पहिल्याच ओळीला त्यांना घाम फुटला. तीन महिने ताणून ताणून लांब केलेली बोटं आता या छोट्या वाद्यावर प्रत्येक पडदा ओलांडून पलीकडे पडत होती. तर्जनी एक घर पुढे, करंगळी थेट शेजारच्या गल्लीत. ते बोटं आखडून घ्यायला बघत, बोटं ऐकत नव्हती. मोठं वाद्य गोंदाने गेलं, छोटं सवयीने गेलं. तेलही गेलं, तूपही गेलं, आणि हाती धुपाटणं घेऊन जावईबापू वाजवत राहिले. मेहुणी खाली बघत होती. तिचा नवरा खोकत होता. एकटे सासरे डोळे मिटून मान डोलवत होते.

शेवटी टाळ्या झाल्या. संपल्याबद्दल असतात तशा.

पाहुणे पांगल्यावर जावईबापू आतल्या खोलीत जाऊन पलंगावर बसले. त्यांना फार वाईट वाटत होतं. म्हाताऱ्याने आज ऐकायला हवं होतं आणि आज तर ऐकवण्यासारखंच काही नव्हतं. त्यांनी मुकाट्याने मॅन्डोलिन पिशवीत घातलं. चेन ओढताना ती सगळ्यांत बारीक तारेला जरा लागली. अगदी हलकंसं टिण् झालं.

बाहेरच्या खोलीतून सासऱ्यांचा घाबरलेला आवाज आला, "अगं ए, परत सुरू करतायत का ते?"

जावईबापूंनी चेन अर्धीच सोडली. मग बाहेर आले. "बाबा, तुम्हाला ऐकू आलं?"

"काय म्हणालात? बारीक आवाज मला..."

"बाबा."

सासऱ्यांनी लेकीकडे पाहिलं. ती घड्या घालत होती आणि तिची मान काही वर येईना.

"बसा जावईबापू," सासरे म्हणाले. "बावीस वर्षं टिकवलं होतं हो मी. मुलगी दिलेली, पहिलाच मुक्काम. आवडलं नाही म्हणावं तर तुमचा चेहरा असा उजळलेला. आवडलं म्हणावं तर जन्माचा अडकलो. मग करवतीवर ढकललं. ते टिणटिण मला दाढेत लागतं. आणि परवा तुम्ही म्हणालात, जाड आवाजाचं आणलंय. माझी झोप उडाली. जाड आवाज ऐकू येत नाही म्हणायची सोय मीच ठेवली नव्हती."

"म्हणून घोडी चिकटवलीत?"

म्हातारा एकदम ताठ झाला. "अजिबात नाही! खोटं बोलेन, पण लाकडाशी बेइमानी करणार नाही. मला ती सुटीच दिसली. कुठे बसते ती, सांगा तरी."

जावईबापूंनी थकल्या आवाजात सांगितलं, की मानेच्या टोकापासून बाराव्या पडद्यापर्यंत जेवढी लांबी, तेवढीच तिथून घोडीपर्यंत हवी. सासऱ्यांनी कपाळाला हात लावला. "हे माप आहे होय! मग आधी सांगायचं. मापाचं काम मला कळतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी सासरा-जावई जमिनीवर फतकल मारून बसले. गरम पाण्याचं फडकं, पातळ पातं, टेप. म्हाताऱ्याने अर्ध्या तासात घोडी सोडवली, डागसुद्धा पडू दिला नाही, मापाने बसवली आणि जावईबापूंनी तारा ओढल्या. (एकेक करून.) सूर लागला. मग सासरे खुर्चीत बसले नाहीत, तिथेच भिंतीला टेकले आणि म्हणाले, "वाजवा. आता ऐकतो."

जावईबापूंनी वाजवलं. हळू, खालच्या सुरात, लांब झालेल्या बोटांनी. म्हाताऱ्याची मान डोलली आणि या वेळी ती तालात होती. बायको घडी हातात घेऊन दारात उभी राहिली. संपलं तेव्हा जावईबापूंनी बावीस वर्षांत पहिल्यांदा सासऱ्यांच्या चेहऱ्याकडे सरळ पाहिलं.

"हे चांगलं आहे," सासरे विचार करून म्हणाले. "त्या छोट्याच्या निम्मासुद्धा त्रास नाही."

"खरंच, बाबा?"

"खरंच. याच्याही खालच्या आवाजाचं असतं का हो?"

"असतं ना!" जावईबापूंचे डोळे चमकले. "मॅन्डोचेलो म्हणतात. आणखी मोठं, आणखी जाड तारा."

"आणि त्याच्याही खाली?"

"मॅन्डोबास! माणसाएवढं असतं. उभ्याने वाजवतात."

सासऱ्यांनी प्रेमाने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "मग असेच खाली खाली जात राहा, जावईबापू. जिथे काहीच ऐकू येणार नाही, ते घ्या. माळा मी वाढवून देतो."