किमतीच्या मानाने बरा

मामींच्या फोनचा पडदा एका सकाळी काळा पडला, तो पडलाच. आवाज मात्र ठणठणीत राहिला. दूरच्या शहरातली लेक रोज फोन करी, तिच्या मांडीवरच्या चार महिन्यांच्या नातीचे हुंकार ऐकू येत, पण दिसत काहीच नसे. सबब एखादा स्वस्तातला स्मार्टफोन घ्यावा, अशी मागणी मामींनी भाजी निवडता निवडता मांडली. ती तत्त्वतः मान्य झाली. एकदा गोष्ट तत्त्वतः मान्य झाली की ती घडण्याची आशा सोडावी, हे इतक्या वर्षांच्या संसारानंतर मामींना कळायला हवं होतं.

मामा एका मोठ्या कार्यालयाच्या खरेदी विभागातून निवृत्त झाले होते. त्यांच्या कारकिर्दीत विभागाने एकही वाईट वस्तू विकत घेतली नाही, कारण मुळात फारसं काही विकत घेतलंच नाही. ते स्वतः बटणांचा फोन वापरत. स्मार्टफोन घ्यावा की नाही, यावर त्यांचा विचार अद्याप चालू होता. लेक म्हणाली, "बाबा, मीच पाठवते की एक." मामा म्हणाले, "विनाचौकशी वस्तू या घरात येत नाही."

तांत्रिक सल्लागार म्हणून भाच्याची नेमणूक झाली. त्याने शेकडो फोनांची परीक्षणं पाहिली होती, आणि ती पाहण्याच्या नादात स्वतःच्या फोनची काच कधी तडकली तेही त्याच्या लक्षात आलं नव्हतं.

"मामा, हा बघा. सगळे म्हणतात, किमतीच्या मानाने बरा आहे."

"मानाने म्हणजे?"

"म्हणजे, एवढ्या पैशात एवढंच मिळणार."

"म्हणजे वाईट आहे."

"नाही हो, बरा आहे. पण मानाने."

"अरे, तापातून उठलेल्या माणसाला बरा म्हणतात. वस्तू एक तर चांगली असते, नाही तर नसते."

हे भाच्यालाही पटलं. मग थोडे पैसे वर घातले तर काय मिळतं, ते पाहणं आलं. थोडे वर घातल्यावर जो फोन मिळत होता, तोही त्याच्या किमतीच्या मानाने बराच निघाला. आणखी थोडे घातले. असं करत करत दोघं अशा फोनपाशी पोचले, की जो निर्विवाद चांगला होता आणि ज्याच्या किमतीत घराला रंग लावून झाला असता. मामांनी तो उधळपट्टी म्हणून फेटाळला आणि चौकशी पुन्हा तळापासून सुरू केली. तोवर तळाचा फोन बाजारातून गेला होता आणि त्याच्या जागी नवा आला होता. त्याची परीक्षणं अजून यायची होती.

"अहो, पण मला फक्त तिला बघायचंय," मामी म्हणाल्या.

"मामी, यावर मोटारींची शर्यत खेळलं की मागची बाजू तापते," भाच्याने बजावलं.

"मी कशाला शर्यत खेळतेय?"

"उद्या खेळावीशी वाटली तर?"

"बरं, तुझ्या फोनवर तरी दाखव ना तिला," त्या म्हणाल्या. पण त्यावर दोन फोनांच्या तुलनेचा व्हिडिओ चालू होता आणि तो मध्येच थांबवला तर बॅटरीच्या टिकाऊपणाबद्दल गैरसमज झाला असता.

एके दिवशी फोनमधून धप्प असा आवाज आला. "काय पडलं गं?" मामींनी घाबरून विचारलं. "पडलं नाही आई, ती चालली! चार पावलं!" लेक ओरडली. मामी काळ्या पडद्याकडे बघत राहिल्या. मामा म्हणाले, "आवाज स्वच्छ येतोय ना? मग घाई काय आहे?"

नात बोबडं बोलू लागली, मग स्पष्ट बोलू लागली, मग आईला उलट उत्तरं देऊ लागली. शेवटी एका दुपारी मामींनी भाजी बाजूला सारली. "तिची पहिली पावलं मी कानांनी पाहिली," त्या म्हणाल्या. "आता ती शाळेत जाईल. मला वाईट वाटतंय हो, फार वाईट वाटतंय." मामांना हे अनपेक्षित होतं. त्यांच्या विभागात कुणाला वाईट वाटत नसे. ते मुकाट्याने चपला घालून दुकानात गेले आणि समोर दिसला तो स्वस्तातला फोन घेऊन आले.

फोन लागला. पडद्यावर दोन वेण्या आणि त्यांच्या मधोमध नात अवतरली. मामींनी फोन चेहऱ्याजवळ ओढला. "सोन्या, मी आजी!"

आवाज ओळखून नात हरखली. तिने आईच्या हातातल्या फोनची मागची बाजू पाहिली. पुन्हा पुढे आली, मामींच्या चेहऱ्याकडे टक लावून पाहिलं आणि आईच्या कुशीत शिरली.

"ही आजी नाही," ती म्हणाली. "आजीला तोंड नसतं."

मामी हसल्या. मग फोन मामांच्या हाती देऊन आत गेल्या, त्या बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

मामांनी फोन उलटसुलट केला. "बघ," ते गंभीरपणे भाच्याला म्हणाले, "पुढच्या कॅमेऱ्याची चौकशी राहिलीच होती."

भाच्याने त्याच संध्याकाळी जनहितार्थ परीक्षण लिहिलं: 'प्रत्यक्ष वापरून पाहिला. आवाज उत्तम. मात्र सख्ख्या नातीलाही चेहरा ओळखता आला नाही. घाई करू नका, पुढचं मॉडेल येऊ द्या.'

हे परीक्षण असंख्य लोकांना उपयुक्त वाटलं. तुम्हालाही वाटलं. म्हणून तर आईसाठी फोन घ्यायचं तुम्ही सध्या थांबवलंय, आणि आईही बिचारी पुन्हा विचारत नाही.