टीचाउटच्या कोठारातली गाडी

"एक तर हा बोकड या घरात राहील, नाहीतर मी!" व्हर्नाने गॅरेजच्या दारातून जाहीर केलं. तिचा नवरा वेंडेल क्राउस त्या वेळी बोकडाच्या तोंडातून पांढऱ्या कापडाचा तुकडा ओढत होता.

ते कापड म्हणजे एका गाडीचं छत होतं. १९६९ सालची पॉन्टिअ‍ॅक जीटीओ जज, तीसुद्धा छत मागे दुमडणारी. छत गॅरेजमध्ये दोन वर्षं पडून होतं आणि गाडी अजून दारात यायची होती. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, ते काही उगाच नाही. आता तर बाशिंगही बोकडाने खाल्लं होतं.

उघड्या छताच्या अशा जज एकूण एकशे आठ निघाल्या, जपमाळेच्या मण्यांइतक्या. वेंडेल विशीत असताना पॉन्टिअ‍ॅकच्याच कारखान्यात छतं बसवायच्या कामावर होता. निवृत्त झाल्यावर त्याने एकच ध्यास घेतला, की आपला हात लागलेली एक तरी गाडी मरायच्या आत दारात उभी करायची. त्यासाठी त्याने तीन राज्यांतली कोठारं पालथी घातली. ओहायोत एक सापडली. मालक तिच्यात बटाट्याची पोती ठेवत होता. वेंडेल तिला बघून "अरे देवा!" असं ओरडला आणि तिथेच घात झाला. मालकाने त्याच संध्याकाळी पोती उतरवली आणि गाडी लिलावात नेऊन उभी केली.

तेव्हापासून वेंडेल जुन्या गाड्या शोधणाऱ्यांचा मुख्य नियम काटेकोर पाळू लागला. गाडी दिसली तरी तिचं नाव काढायचं नाही. हवापाण्याच्या गप्पा मारायच्या, काहीतरी किरकोळ विकत घ्यायचं, घरी यायचं आणि पुन्हा जायचं. कधी ना कधी मालक स्वतःहून विषय काढतो. आमच्या मिशिगनमध्ये लग्न जमवतानासुद्धा कोणी इतका धीर धरत नाही.

पुढे ऑर्विल टीचाउट या चौऱ्याऐंशी वर्षांच्या विधुर शेतकऱ्याच्या कोठारात त्याला ताडपत्रीखाली एक गाडी दिसली. म्हातारा कॉफी आणायला आत गेला, तेवढ्यात वेंडेलने ताडपत्रीचं टोक उचललं आणि काचेतून कारखान्याने ठोकलेला क्रमांक वाचला. चौथा आणि पाचवा आकडा मिळून सदुसष्ट. म्हणजे जन्मापासून उघड्या छताची, कोणीतरी मागाहून छप्पर कापलेली नव्हे! बाजूला 'जज' अशी अक्षरंही होती. ऑर्विल कप घेऊन आला तेव्हा तो छताच्या वाशांकडे बघत म्हणाला, "यंदा भोपळे बरे आलेत हो तुमचे."

"आवडतात तुला?" म्हाताऱ्याचा चेहरा उजळला.

"जीव टाकतो!"

झालं. दोन वर्षं दर शनिवारी वेंडेल जात राहिला. सहा पोती भोपळे आले, मधाच्या बावीस बाटल्या आल्या, दात पडलेलं गवताचं दंताळं आलं. ऑर्विल दुधाच्या भावापासून स्वर्गवासी बायकोच्या गुडघेदुखीपर्यंत सगळं बोलायचा, फक्त गाडीचं नाव काढायचा नाही. वेंडेल आतल्या आत धुमसायचा आणि वरून मान डोलवायचा. शेवटी म्हाताऱ्याने प्रेमाने बोकड गळ्यात बांधला, आणि त्याने छत खाल्लं.

"आत्ताच्या आत्ता परत नेऊन दे त्याला," व्हर्ना म्हणाली.

"नाही देता येत! म्हाताऱ्याला वाईट वाटलं तर गाडी गेली!"

"तोंड उघडून सरळ विचारायला काय होतं रे तुला?"

"तुला काय कळतंय त्यातलं!"

व्हर्नाला त्यातलं कळत नसेल, पण बोकडाचं काय करायचं ते पक्कं कळत होतं. तिने पशुखाद्याच्या दुकानात चिठ्ठी लावली: 'बोकड फुकट देणे आहे. टीचाउटच्या शेतावरचा. नवरा दर शनिवारी तिथून काहीतरी आणतो, थांबवणाऱ्याचे उपकार होतील. व्हर्ना क्राउस.'

ती चिठ्ठी रॉइस पेल्कीने वाचली. रॉइसही जुन्या गाड्यांच्याच मागावर असायचा आणि वेंडेलला तो डोळ्यांसमोर नको असायचा, कारण त्याला रीतभात म्हणून नव्हती. वेंडेल क्राउस दर शनिवारी बोकडासाठी चाळीस मैल जातो, यावर शेंबडं पोरही विश्वास ठेवणार नाही. रॉइसने तिथूनच पिकअप वळवला.

त्या शनिवारी वेंडेल पोचला तेव्हा कोठाराचं दार सताड उघडं होतं. ताडपत्रीची घडी घालून ठेवली होती आणि गाडीच्या जागी दोन खुर्च्या मांडल्या होत्या.

"ये, ये! बघ कसं ऐसपैस झालंय," ऑर्विल म्हणाला.

"इथली... ती... कुठे गेली?"

"ते धूड होय? पेल्की म्हणून कोणी आला. उतरला न उतरला तोच म्हणतो कसा, 'विकणार का?' म्हटलं, ने बाबा एकदाची. पोराची होती, त्यानेही परवा फोनवर सांगून टाकलं, मला नको."

"दिलीत?" वेंडेलच्या कपाळाची शीर तडतडायला लागली. "एका शब्दावर? मला नाही विचारायचं?"

"विचारणारच होतो रे. पण म्हटलं, याला गाड्यांचं काय कौतुक? हा आपला भोपळ्यांवर जीव टाकणारा माणूस!"

वेंडेलने ओरडायला तोंड उघडलं. दोन वर्षांच्या शिव्या घशापर्यंत येऊन उभ्या होत्या. पण म्हातारा दोन कपांत कॉफी ओतत होता.

"खरं सांगू?" ऑर्विल म्हणाला. "ती गाडी म्हणजे नसती ब्याद झाली होती. जो येईल तो माझी तब्येत विचारायचा आणि डोळे ताडपत्रीकडे. तू एकटाच असा, की दोन वर्षांत तिचं नाव काढलं नाहीस. म्हटलं, काढून टाकावी, म्हणजे आपल्या दोघांना बसायला जागा होईल. साखर किती?"

"दोन," वेंडेल म्हणाला आणि बसला.

घरी येऊन मात्र त्याने आठवडाभर आकाशपाताळ एक केलं. रॉइसला शिव्या घातल्या, चिठ्ठीवरून व्हर्नाशी भांडला, दंताळ्याला लाथ मारली आणि दोन दिवस लंगडला. सगळ्यात जास्त राग त्याला स्वतःचा आला होता, पण त्याच्याशी भांडायची सोय नव्हती.

पुढच्या शनिवारी सकाळी व्हर्नाने खिडकीतून पाहिलं, तर स्वारी पिकअप सुरू करत होती.

"आता कुठे निघालास? गाडी तर गेली ना!"

"गेली! तुझ्यामुळे गेली!" वेंडेल आतून ओरडला.

"मग कशाला जातोस तिथे कडमडायला?"

"दोन खुर्च्या मांडून बसलाय तो म्हातारा!" वेंडेल लालबुंद होऊन खेकसला. "दुसरीवर कोण बसणार, तुझा तो पेल्की?"